दुसऱ्या बाळाचीही तीच धाप

कृष्णाकाठ | १२ जानेवारी, रात्री ११:१८

इथं गेली सहा-सात वर्षं नुसती वाचत आलेय. धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. लांबण लागणार आहे.

मुलगी २०१९ च्या ऑगस्टमध्ये झाली. सांगलीकरांना तारीख सांगायला नको, पाणी गल्लीत होतं तेव्हाच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघालो आणि जे प्रसूतिगृह उघडं मिळालं तिथं गेलो. बाळ उशिरा रडलं. कार्डावर लिहून आलं, जन्मताना प्राणवायू कमी पडला. आम्हालाही ते पटलं. रस्ता बंद, उशीर झालेला, कारण डोळ्यांसमोर होतं. दोन्ही हातांना करंगळीशेजारी इवलंसं सहावं बोट होतं. बघायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, भाग्याची आहे गं पोर.

तिचा श्वास विचित्र होता. धाप, धाप, धाप, पळून आलेल्या कुत्र्याच्या पिल्लासारखी. ताप नाही, सर्दी नाही. मग एकदम शांत. मी बोटं मोडत मोजायची. सात, आठ, नऊ. मग पुन्हा धाप. अंग लोळागोळा, नजर ठरत नव्हती. एमआरआय करा म्हणाले होते, पण जवळचं सेंटर पाण्यात गेलेलं. आणि नंतर आम्हीच म्हटलं, कारण माहीत आहे तर फोटो कशाला. डिसेंबरात ती झोपेतच गेली. चार महिन्यांची होती.

मुलगा २०२२ च्या एप्रिलमध्ये, मोठ्या दवाखान्यात, तारीख ठरवून सिझेरियननं झाला. असा रडला की बाहेर आत्याला ऐकू गेलं. बोटंही पाच-पाच. तिसऱ्या रात्री मला जाग आली ती त्या आवाजानं. दिवा लावायच्या आधीच मला कळलं होतं. नवऱ्यानं मोबाईलवर चित्रण केलं. सकाळी एका तरुण डॉक्टरनं ते आवाज बंद करून तीनदा पाहिलं आणि विचारलं, "आधीच्या बाळाला असंच व्हायचं का? आणि त्याला बोटं किती होती?" तोवर मुलीच्या बोटांबद्दल आम्हाला एकाही डॉक्टरनं काही विचारलं नव्हतं.

एमआरआय झाला. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, "ही दाढ दिसते का?" खरंच दाढ. दोन मुळं असलेली, उपटून ठेवल्यासारखी. लहान मेंदूचा मधला पट्टा नीट तयार झालेला नसतो, आणि लहान मेंदूकडून वर जाणारे जाड दोर एकमेकांना ओलांडायचे ते ओलांडत नाहीत, म्हणून तसं चित्र उमटतं. या आजाराचं नाव जुबर्ट सिंड्रोम. पुढं रक्ताची जनुकीय तपासणी झाली. सीईपी२९० नावाच्या जनुकात एकच बिघाड दोन्ही प्रतींत सापडला, एक माझ्याकडून आलेला, एक नवऱ्याकडून.

आता मुद्दा. नवरा माझा सख्ख्या आत्याचा मुलगा. म्हणजे त्यानं मामाची मुलगी केली, आमच्याकडं यात काही नवल नाही. मुलगी गेली तेव्हा आत्या भरल्या घरात म्हणाली होती, "आमच्या घरात असलं कधी नव्हतं." मामा, म्हणजे माझे सासरे (आत्याच्या यजमानांना आम्ही मामाच म्हणतो), फारसं बोलत नाहीत. रिपोर्ट आला त्या दिवशी ते तिला म्हणाले, "कुठलं घर म्हणतेस? तुझं आणि हिचं माहेर एकच आहे." त्यानंतर आत्या दोन दिवस जेवली नाही. मला त्याचं समाधान वाटलं हे खोटं कशाला सांगू. नंतर वाईटही वाटलं.

प्रश्न असा. माझ्या धाकट्या भावाचं माझ्या नणंदेशी जवळजवळ ठरलंय. साटंलोटंच म्हणा. दोन्ही घरची माणसं म्हणतात, तुमच्या नशिबात होतं ते झालं, त्यांना कशाला आडवं येतंय? मी विरोध केला तर नणंदेच्या सुखाच्या आड आल्यासारखं होतं, गप्प बसले तर झोप येत नाही. कुणी यातून गेलंय का? धोका नेमका किती?

मोरपंखी | १२ जानेवारी, रात्री ११:५२

वाचून काय लिहावं सुचत नाहीये. दाढेचं चित्र डोळ्यांपुढून जाईना. तू लिहिलंस हे बरं केलंस.

नाना_वाळवेकर | १३ जानेवारी, सकाळी ७:०५

ताई, दुःख मोठं आहे. पण आमच्या घरात चार पिढ्या मामाचीच मुलगी आणतात, सगळे धडधाकट. राग मानू नका, ग्रहण पाळलं होतं का? २०१९ च्या जुलैत चंद्रग्रहण होतं.

कृष्णाकाठ | १३ जानेवारी, सकाळी ९:४०

नाना, पाळलं होतं. १६ जुलैची रात्र. आठवा महिना. आत्यानं अंथरुणावरून उठू दिलं नाही, सुरी-कात्री कपाटात कुलूपबंद. पोरीला सहा बोटं तरीही आली.

रातपाळी | १३ जानेवारी, दुपारी ३:२२

मी नवजात अतिदक्षता विभागात काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर.

आधी ग्रहणाचं संपवू. मेंदूच्या या भागाची मूळ आखणी आणि हाताची बोटं, दोन्हींचं काम गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत उरकतं. आठव्या महिन्यातल्या चंद्राकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

बोटांचा आणि मेंदूचा संबंध काय, असं पुष्कळ आईबाप विचारतात. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीला एक बारीक केस असतो. पूर्वी घरांच्या कौलांवर टीव्हीचे अँटेना असायचे, तसा. आजूबाजूच्या पेशींचे निरोप तो पकडतो. "इथं करंगळी संपली, आता थांब" हा निरोपही त्यावरूनच येतो आणि "हा मज्जातंतू पलीकडे वळव" हाही. जुबर्टमध्ये हा अँटेनाच सदोष असतो. म्हणून मेंदू, बोटं, डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड, यकृत ही एरवी एकमेकांशी संबंध नसलेली मंडळी एकाच आजारात सापडतात. आजवर अशी पस्तीसहून जास्त जनुकं माहीत झाली आहेत, त्यातल्या कुठल्याही एकाच्या बिघाडानं हे होऊ शकतं. आजार अतिशय दुर्मीळ, ऐंशी हजार ते एक लाख जन्मांमागे एक असा अंदाज दिला जातो. एकाच घरातल्या दोन भावंडांत एकाला सहा बोटं आणि दुसऱ्याला पाच, हेही नेहमीचंच. दोघांची तीव्रता सारखी असेलच असं नाही.

आता माझ्या धंद्याची कबुली. "बाळ रडलं नाही, प्राणवायू कमी पडला" हे आमचं सगळ्यात सोयीचं वाक्य आहे. बऱ्याचदा खरं असतं. पण ज्या बाळाचा मेंदू आधीच वेगळा घडलाय, ते मुळातच ढिलं असतं आणि म्हणून उशिरा रडतं. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, यात गल्लत होते. झेलवेगर सिंड्रोम, नॉनकिटोटिक हायपरग्लायसिनेमिया, मॉलिब्डेनम कोफॅक्टरची कमतरता, ही सगळी पहिल्या बाळात त्या एका शिक्क्याखाली दडून जातात आणि पाठच्या बाळाला तेच झालं की उघडी पडतात. यातल्या शेवटच्या आजाराच्या एका प्रकारावर २०२१ मध्ये अमेरिकेत औषध मंजूर झालंय, पण ते पहिल्या काही दिवसांतच सुरू करावं लागतं. आधीच्या बाळाचं खरं कारण माहीत असेल तरच एवढ्या लवकर हात चालतो.

म्हणून एक विनंती. बाळ गंभीर असेल, वाचेल असं वाटत नसेल, तेव्हा कुणी तरी धीर करून डॉक्टरांना विचारा: "रक्ताचा नमुना जपून ठेवता येईल का?" दोन मिलिलिटर रक्त किंवा गाळणकागदावर वाळवलेले चार थेंबही चालतात. त्या घडीला असं विचारणं क्रूर वाटतं. आम्ही स्वतःहून विचारायला हवं, आणि आम्ही अनेकदा विचारत नाही.

त्रैराशिक | १३ जानेवारी, सायं. ६:१०

धोक्याचं गणित मांडतो. आईबाप दोघे वाहक (एक प्रत बिघडलेली, पण स्वतः निरोगी) असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. हे फासे दर वेळी नव्यानं पडतात, "एकाला झालंय म्हणजे पुढची तीन सुटली" असं नसतं. निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. म्हणजे भाऊ २/३, नणंद २/३, गुणिले १/४, उत्तर १/९.

रातपाळी | १३ जानेवारी, सायं. ६:४८

त्रैराशिक, २/३ हा आकडा आजारी बाळाच्या निरोगी भावंडासाठी. इथं भाऊ आणि नणंद ही आजारी बाळाच्या आईबापांची भावंडं आहेत. बिघाड बहुधा आजोबा-आजींपैकी एकाकडून आत्याकडे आणि कृष्णाकाठच्या वडिलांकडे आला. दोघांच्याही जोडीदारांकडे तो नाही असं धरलं, तर आत्याची मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी आणि वडिलांचा मुलगा वाहक असण्याची शक्यताही निम्मी. अर्ध्याचं अर्धं, त्याचा पाव, म्हणजे सोळात एक.

पण हे गणित करत बसायची गरजच नाही. घरातला नेमका बिघाड माहीत आहे. दोघांच्या रक्तात तेवढी एकच जागा तपासायची. सगळी जनुकं वाचण्याच्या तुलनेत हे काम सोपं आणि स्वस्त आहे. दोघांपैकी एक जरी वाहक नसेल तरी हा आजार त्या जोडप्याच्या बाळात यायची भीती जवळपास उरत नाही.

त्रैराशिक | १३ जानेवारी, सायं. ६:५५

चूक मान्य. वही खोडतो.

बर्फातला_मावळा | १३ जानेवारी, रात्री ९:३०

मी मॉन्ट्रियलला असतो, म्हणून राहवलं नाही. या आजाराचं नाव इथूनच गेलंय. मारी जुबेर या इथल्या डॉक्टर. फ्रेंच उच्चार जुबेर, पण भारतात सगळे जुबर्टच म्हणतात, असो. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये एकाच फ्रेंच-कॅनेडियन कुटुंबातल्या चार भावंडांचं वर्णन छापलं. तीच धाप, तीच भिरभिरती नजर, तोच तोल जाणं. तेव्हा एमआरआय नव्हते. दाढेसारखं चित्र लोकांच्या लक्षात आलं ते थेट १९९७ मध्ये. क्वेबेकमध्ये मूठभर फ्रेंच कुटुंबं येऊन वसली आणि पुढं तीनशे वर्षं आपापसांत सोयरिकी झाल्या, त्यामुळं इथं असे कित्येक दुर्मीळ आजार एकवटलेत. मामाची मुलगी करायची चाल नसतानाही.

चकली_भाजणी | १४ जानेवारी, सकाळी ११:१५

वरच्या मुद्द्याला दुजोरा. माझ्या जावेचं माहेर अकोल्याचं, नवऱ्याकडच्यांशी सात पिढ्यांत नातं नाही. दोन्ही बाळं गेली, एक सहाव्या दिवशी, एक नवव्या. पहिल्या वेळी ती म्हणायची, बाळ पोटात सारखं उचक्या देतंय, पोट टिकटिक हलतंय. आम्ही हसायचो, म्हणायचो मामा आठवण काढतोय. दुसऱ्या वेळी पुन्हा उचक्या लागल्या तेव्हा ती एकटीच घाबरली. बाकी कुणाला काही कळलं नव्हतं. रातपाळींनी लिहिलेला हायपरग्लायसिनेमियाच निघाला, पाठीच्या कण्यातल्या पाण्यात ग्लायसीन भरमसाट. पोटातल्या उचक्या ही त्याची खूण असू शकते, हे आम्हाला दोन बाळं गेल्यावर समजलं. (सगळ्याच बाळांना पोटात उचक्या लागतात, कृपया घाबरू नका.)

स्पष्टवक्ता | १४ जानेवारी, दुपारी १:००

एवढं सगळं वाचूनही आतेमामे लग्नं कायद्यानं बंद का करत नाहीत? हिंदू विवाह कायद्यात रूढीच्या नावाखाली पळवाट ठेवलीय. अडाणीपणा आहे सगळा.

नाना_वाळवेकर | १४ जानेवारी, दुपारी १:२०

अडाणी कुणाला म्हणता? आमच्यात पोरगी ओळखीच्या घरी जाते, हुंडा मागत नाहीत, सासू आत्या असते म्हणून जाच होत नाही. शहरात बसून बोलणं सोपं.

स्पष्टवक्ता | १४ जानेवारी, दुपारी १:२४

जाच होत नाही? पहिली पोस्ट पुन्हा वाचा, नाना.

रातपाळी | १४ जानेवारी, दुपारी ४:४०

भांडू नका, आकडे दोघांच्याही बाजूचे आहेत. कुठल्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता दोन-तीन टक्के असते. सख्ख्या आतेमामे भावंडांच्या लग्नात ती साधारण दुप्पट होते. म्हणजे नव्वदहून जास्त टक्के बाळं ठणठणीतच जन्मतात, नानांच्या चार पिढ्या त्यातल्याच. पण ज्या घरात एक बिघाड दिसलाय तिथं ही सरासरी लावायची नाही. तिथं ते सोळात एकचंच गणित.

आणि फक्त आतेमामेच नव्हे. जातीतल्या जातीत शतकानुशतकं लग्नं झाली की दूरचं नातं नकळत साठत जातं. अगरवाल समाजात मेंदूचा एक पांढऱ्या द्रव्याचा आजार आहे, बाळाचं डोकं मोठं होत जातं. बहुतेक सगळ्या अगरवाल रुग्णांत एमएलसी१ जनुकातला एकच बिघाड मिळतो. त्यांचे आईबाप एकमेकांचे कोणी लागत नसतात.

पिपेट | १४ जानेवारी, रात्री १०:०५

मी जनुकीय प्रयोगशाळेत काम करते. कृष्णाकाठ, एक विचारू का? मुलीची नाळ जपून ठेवली आहे का? पुष्कळ घरांत गळून पडलेली वाळकी नाळ ठेवतात. त्यातून डीएनए निघू शकतो. जपानमध्ये तर ती लाकडी डबीत जपायची रीतच आहे, आणि तिथल्या डॉक्टरांनी अशा वर्षानुवर्षं जुन्या नाळेतून बाळाला पोटात असताना विषाणूचा संसर्ग झाला होता का, हे शोधून काढलंय. तुमच्याकडे बिघाडाची जागा माहीत आहे, तेवढी एकच तपासायची. आईच्या पेशी मिसळल्या नाहीत ना, ते ताडून बघावं लागतं. हळद-बिळद लावली असेल तर प्रयोगशाळेला आधीच सांगा. वैद्यकीय उपयोग म्हणाल तर मुलाच्या रिपोर्टनंतर फारसा नाही. पण काही आईबापांना हवं असतं.

कृष्णाकाठ | १४ जानेवारी, रात्री ११:३१

पिपेट, हे वाचून उठून आत्याच्या खोलीत गेले. आहे. चांदीच्या डबीत, कापसात, हळद लावून. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा तिनं सोनं-नाणं, सातबारे आणि ही डबी एकाच पिशवीत घालून माळ्यावर चढवली होती. मला माहीतही नव्हतं.

कृष्णाकाठ | १५ जानेवारी, सकाळी १०:१२

अजून एक विचारायचं राहिलं. तिसऱ्यांदा धाडस करायचं म्हटलं तर आधी कळतं का? आणि तपासायला गेलं की लिंगनिदानाच्या कायद्यात अडकतो असं नवऱ्याला कुणीतरी सांगितलंय.

रातपाळी | १५ जानेवारी, दुपारी २:३०

कळतं, कारण बिघाड माहीत आहे. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा घेऊन, किंवा सोळाव्या आठवड्याच्या आसपास गर्भजल काढून. नुसत्या सोनोग्राफीच्या भरवशावर राहिलात तर विसाव्या आठवड्याच्या आत खात्रीनं सांगणं अवघड. कायदा, म्हणजे पीसीपीएनडीटी १९९४, लिंग सांगायला बंदी करतो. आनुवंशिक आजाराची तपासणी नोंदणीकृत केंद्रात करायला तोच कायदा परवानगी देतो. आधीचं बाळ बाधित असणं हे त्यात बसतं. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये बदल झाला. गर्भात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या संमतीनं चोवीस आठवड्यांनंतरही मार्ग आहे. पण तिथवर जाऊ नये. गरोदरपणाच्या आधीच जनुकीय समुपदेशकाला भेटा, फाईल तयार ठेवा. बाराव्या आठवड्यात धावाधाव सुरू केली की सगळं हातातून निसटतं. आयव्हीएफ करून आधीच तपासलेला गर्भ गर्भाशयात सोडण्याचाही पर्याय आहे, खर्चिक आहे.

पांगुळगाडा | १५ जानेवारी, रात्री ८:५०

सगळे पोटातल्या बाळाबद्दल बोलताहेत, पाळण्यातल्याबद्दल मी बोलते. फिजिओथेरपिस्ट आहे, जुबर्टची तीन मुलं हाताखालून गेलीत. एक आज शाळेत जातो, एक अजून बसता बसता कलंडते. कुठलं मूल कुठवर जाईल हे पहिल्या वर्षी कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका, कुठल्याही बाजूनं. तुमच्या जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र असेल, डीईआयसी म्हणतात, तिथं थेरपी मोफत असते. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड काढा आणि निकषात बसत असेल तर निरामय विमा, वर्षाला एक लाखापर्यंतचा.

दोन गोष्टी दारावर लिहून लावा. सीईपी२९० असेल तर डोळ्याचा पडदा आणि मूत्रपिंड दरवर्षी तपासायचं. मूल रात्री उठून पाणी पाणी करायला लागलं, लघवी खूप व्हायला लागली, तर "सवय लागलीय" म्हणून सोडू नका, मूत्रपिंडाची सुरुवात अशीच होते. दुसरं, भूल. या मुलांचा श्वास भुलेच्या काही औषधांनी, अफूच्या जातीच्या वेदनाशामकांनी सहज थांबू शकतो. अगदी दात काढायला नेलं तरी आधी सांगायचं.

तीन वर्षांचा आहे ना? काय काय करतो?

कृष्णाकाठ | १६ जानेवारी, सकाळी ६:४०

पावणेचार होईल. आधार दिला की बसतो. तुमच्या नावाचाच लाकडी पांगुळगाडा सुताराकडून करून घेतलाय, खाली वीट बांधून जड केलाय म्हणजे उलटत नाही, त्याला धरून चार पावलं टाकतो. "आत्ती" म्हणतो, म्हणजे आजी. एका बाजूला बघायचं झालं तर डोळे आधी वळत नाहीत. मान झटक्यानं फिरवतो, पार पलीकडं जाते, मग डोळे हव्या त्या जागी येऊन थांबतात, आणि मान परत मागं येते. पाहुण्यांना वाटतं नाही नाही म्हणतोय. धाप पहिल्या वर्षातच ओसरली. भुलेचं माहीत नव्हतं, पुढच्या महिन्यात दाताचंच दाखवायचं होतं. देव पावला.

कृष्णाकाठ | ९ एप्रिल, रात्री १०:२०

धागा वर काढतेय, कारण बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

आधी नाळ. अर्धी पाठवली. सात आठवडे लागले, पहिल्यांदा डीएनए पुरेसा निघाला नाही म्हणून उरलेलीतली थोडी पुन्हा मागवली. मुलीतही तोच बिघाड, दोन्ही प्रतींत. म्हणजे पूर नव्हे, ट्रॅक्टर नव्हे, आणि त्या प्रसूतिगृहातल्या बाईंचा उशीरही नव्हे. साडेसहा वर्षं नवरा त्या रस्त्यानं जाताना तोंड फिरवायचा. चार लोकांत त्यांचं नाव घेऊन बोललाही होता. दोघं जाऊन भेटलो. तो पायरीवरच घुटमळत होता, मीच रिपोर्ट पुढं केला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "बोटं मी पाहिली होती. पुढं विचार करायला हवा होता." चहा दिला. नवरा कपाशीच्या भावावर बोलत बसला, माफीचा शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही. पण आता बोलतो त्यांच्याशी.

आत्याला रिपोर्ट वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या बापाचं का आईचं?" मी म्हटलं, ते आता कळायचं नाही. ती म्हणाली, "आईचंच असेल, बाप माझा चांगला होता." यावर काय बोलणार.

भावाचा आणि नणंदेचा रिपोर्ट: भाऊ वाहक, नणंद नाही. म्हणजे त्यांच्या बाळाला हे व्हायची भीती नाही. दोन्ही घरांत पेढे आणायची तयारी सुरू झाली, तेव्हा नणंद म्हणाली, मला हे लग्न करायचं नाही. सगळे समजावू लागले, अगं रिपोर्ट चांगला आहे. तर म्हणे, "रिपोर्ट चांगलाच यावा म्हणून मी देव पाण्यात घातले होते, म्हणजे मग मला खरं कारण सांगता येईल. तो मला भावासारखा वाटतो." भाऊ दोन दिवस रुसला, तिसऱ्या दिवशी मित्रांबरोबर महाबळेश्वरला गेला.

मोरपंखी | ९ एप्रिल, रात्री १०:३१

नणंदेला माझा नमस्कार सांग!!

त्रैराशिक | ९ एप्रिल, रात्री १०:४०

हे कुठल्याच गणितात नव्हतं.

नाना_वाळवेकर | १० एप्रिल, सकाळी ७:१०

ताई, आमच्या नातवाचं बघणं चालू आहे, त्याच्या मामाचीच मुलगी. घरात तसं कुणी आजारी नाही. पण माझी एक बहीण लहानपणी गेली, काय झालं होतं कुणालाच माहीत नाही. आई फक्त म्हणायची, मान धरत नव्हती. रातपाळी, एवढ्यावर काही तपासता येतं का? व्यनि केला आहे.

रातपाळी | १० एप्रिल, दुपारी १२:१५

नाना, पाहिला. संध्याकाळी फोन करतो. बहिणीबद्दल घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आज विचारून ठेवा.

पिपेट | १० एप्रिल, रात्री ९:००

कृष्णाकाठ, उरलेला नमुना प्रयोगशाळेनं परत दिला का? मागितला तर देतात.

कृष्णाकाठ | १० एप्रिल, रात्री ९:४५

दिला. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या नळीत, वर क्रमांक चिकटवलेला. आत्यानं तो कागद निघू दिला नाही. नळी चांदीच्या डबीत बसेना, म्हणून शनिवारी सराफकट्ट्यावर जाऊन मोठी डबी घेऊन आली.